वाटा नाकारणारा कारागीर

देऊळ पाहून बाहेर पडणारा मनुष्य देवाचे नाव घेतो, ते बांधविणाऱ्या राजाचे नाव घेतो, क्वचित मूर्तिकाराचेही नाव घेतो. ज्या गवंड्याने पायाचा दगड ओळंब्यात बसविला, त्याचे नाव कोणी विचारीत नाही. गवंड्यालाही त्याचे वैषम्य वाटत नाही. मजुरी चुकती झाली आणि भिंत सरळ उभी राहिली, की त्याचा व्यवहार संपला. पुढे त्या देवळात नवसाचे किती पैसे जमले, याचा हिशेब मागावयास तो येत नाही. संगीताच्या ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात मात्र भिंत बांधणाऱ्याने दानपेटीत कायमचा वाटा मागावा, अशी रीत पडून गेली आहे. ही रीत ज्याने जन्मभर नाकारली, त्या स्टीव्ह अल्बिनी नावाच्या अमेरिकन गृहस्थाचे चरित्र हा या भाषणाचा विषय आहे.

रॉक संगीताशी ज्या श्रोत्यांचा परिचय नाही, त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे, की विजेच्या साहाय्याने आवाज वाढविलेली गिटार हे त्या संगीतातील मुख्य वाद्य होय. तीन-चार तरुणांनी एकत्र जमावे, पदे स्वतः रचावी, चाली स्वतः बांधाव्या आणि त्या स्वतःच वाजवाव्या, अशी त्यातील साधारण पद्धत आहे. अशा मंडळींपैकीच अल्बिनी एक होता. त्याचा जन्म २२ जुलै १९६२ रोजी कॅलिफोर्निया प्रांतातील पॅसाडीना येथे झाला. त्याचे वडील अरण्यातील वणवे कसे पसरतात याचा शास्त्रीय अभ्यास करणारे संशोधक होते. १९७४ साली हे कुटुंब मोंटाना प्रांतातील मिसूला गावी राहावयास गेले. तेथे शालेय शिक्षण पुरे करून अल्बिनी शिकागोनजीकच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वृत्तपत्रविद्या शिकण्यासाठी आला, आणि मग शिकागो शहर हेच त्याचे कायमचे गाव झाले.

विद्यार्थिदशेतच, १९८१ साली, त्याने ‘बिग ब्लॅक’ नावाची मंडळी स्थापन केली. आरंभी या मंडळीत तो एकटाच होता. तालवाद्य वाजविणारा साथीदार न मिळाल्याने त्याने रोलंड कंपनीचे तालयंत्र घेतले, आणि पुढे साथीदार मिळाल्यावरही ते सोडले नाही. गंमत अशी, की वादकांच्या नामावळीत या यंत्राचेही नाव ‘रोलंड’ असे एखाद्या मनुष्याप्रमाणे छापले जाई. अल्बिनी गिटारचा पट्टा खांद्यावरून न घेता कमरेभोवती आवळी. त्याच्या वाद्यातून निघणारा ध्वनी मधुर मुळीच नसे. पत्र्यावर कानस घासावी तसा तो कानाला लागे. पण त्या कर्कशपणात हेतू होता आणि शिस्तही होती. या मंडळीने लेखी करारमदार केले नाहीत. खर्च बेताचा ठेवावा, आपले काम आपण करावे, आणि जमेल तेवढेच अंगावर घ्यावे, असा तिचा शिरस्ता होता. १९८७ साली एका साथीदाराने कायद्याच्या अभ्यासासाठी जाण्याचे ठरविले, तेव्हा कीर्ती वाढत असतानाच मंडळी पांगली.

दरम्यान एक दुसरे काम त्याच्या हातात आले होते. आपल्या आणि मित्रांच्या मंडळींचे ध्वनिमुद्रण करता करता त्याला त्या विद्येची गोडी लागली. १९८८ साली प्रसिद्ध झालेली, बॉस्टनच्या ‘पिक्सीज’ या मंडळीची ‘सर्फर रोझा’ ही ध्वनिमुद्रिका त्याच्या हातची. तिच्याबद्दल त्याने सुमारे १,५०० डॉलर एवढी एकच ठोक रक्कम घेतली. त्या ध्वनिमुद्रिकेतील तालवाद्यांचा भरीव घुमारा ऐकून अनेक तरुण वादकांचे कान टवकारले, आणि शिकागोच्या या गिटारवाल्याकडे लोक आपण होऊन येऊ लागले.

येथे या धंद्याची रीत थोडी उकलून सांगितली पाहिजे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कलावंत आणि यंत्र यांच्यामध्ये जो मनुष्य उभा असतो, त्याला निर्माता म्हणतात. कोणते पद घ्यावे, कोणते गाळावे, कोठे वाद्य वाढवावे, कोठे गायकाकडून पुन्हा गाऊन घ्यावे, हे पुष्कळदा तोच ठरवितो. या कामाचा मेहनताना त्याला मिळतो. शिवाय विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे शेकडा दोन किंवा तीन असा वाटा त्याला मिळत राहतो. या वाट्याला रॉयल्टी म्हणतात. हा वाटा कंपनीच्या तिजोरीतून येतो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो बहुधा कलावंतांच्याच हिश्श्यातून कापला जातो.

अल्बिनीने हा वाटा कधीच घेतला नाही. त्याचे म्हणणे साधे होते. पदे मंडळीची, वाद्ये मंडळीची, यश आले तर तेही मंडळीचे. मग ध्वनिमुद्रकाने त्यात पिढ्यानपिढ्या हिस्सा का मागावा? घरातील नळ दुरुस्त करणारा कारागीर कामाचे पैसे घेऊन निघून जातो, तसेच आपल्याला पैसे मिळावेत, अशी त्याची मागणी असे. ‘निर्माता’ ही पदवीही त्याला नको होती. वेष्टणावर नाव छापायचेच असेल तर ‘ध्वनिमुद्रण अमक्याचे’ एवढेच छापावे, आणि न छापल्यास हरकत नाही, असे तो सांगे.

या आग्रहात एक दुसरी बाजूही होती, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. ज्याला वाटा नको, त्याने हुकूमही करू नये, हे त्याला पक्के ठाऊक होते. मालकी सोडायची आणि अधिकार मात्र ठेवायचा, असा दुटप्पीपणा त्याने केला नाही. पद कसे असावे, हा मंडळीचा प्रश्न; ते जसे वाजले तसे फितीवर कसे उतरवावे, हा आपला प्रश्न, अशी त्याची वाटणी होती. म्हणूनच तो यंत्रांतील करामतींपेक्षा मायक्रोफोन कोठे ठेवावा याचा विचार अधिक करी. वाद्याजवळ काही मायक्रोफोन ठेवून झाल्यावर तो आणखी काही दूर, खोलीच्या कडेला ठेवी. त्यामुळे वाद्याबरोबर त्या खोलीचा घुमारही फितीवर उतरे, आणि ऐकणाऱ्यास वादक समोर बसल्याचा भास होई. दिवाणखान्यात ऐकलेला तबला आणि देवळाच्या सभामंडपात ऐकलेला तबला यांतील फरक ज्याच्या कानांनी टिपला आहे, त्याला हे मर्म सहज कळेल.

आता दुसऱ्या पक्षाचेही म्हणणे ऐकले पाहिजे. कारण प्रत्येक निर्माता हा केवळ भिंत बांधणारा असतो असे नाही. इंग्लंडातील जॉर्ज मार्टिन याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘बीटल्स’ या मंडळीच्या ध्वनिमुद्रिकांसाठी त्याने संगीतरचनेत भर घातली. १९६५ सालच्या ‘येस्टरडे’ या गीताला त्याने चार तंतुवाद्यांची साथ बसविली. ते काम कारागिराचे नव्हे, रचनाकाराचे होते. तरीही तो कंपनीचा पगारी नोकर असल्यामुळे अफाट विक्रीतून त्याच्या हाती वाटा पडत नव्हता. अखेर त्याच वर्षी त्याने नोकरी सोडून स्वतंत्र संस्था काढली. अशा मनुष्याने वाटा मागितला तर त्यास लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. तेव्हा वाटा घेणे हे पाप, असा सरसकट नियम अल्बिनीच्या उदाहरणावरून काढता येणार नाही. जेवढी रचना तेवढाच हक्क, हा नियम मात्र दोघांनाही लागू पडतो. मार्टिनने रचनेत भर घातली आणि हक्क मागितला. अल्बिनीने रचनेला हात लावला नाही आणि हक्कही सोडला.

या तत्त्वाची खरी कसोटी १९९३ साली लागली. वॉशिंग्टन प्रांतातील ‘निर्वाणा’ ही मंडळी त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होती. १९९१ सालच्या तिच्या ध्वनिमुद्रिकेच्या लक्षावधी प्रती खपल्या होत्या. पुढील ध्वनिमुद्रणासाठी या मंडळीने अल्बिनीची निवड केली. काम हाती घेण्यापूर्वी त्याने मंडळीला एक लांबलचक पत्र लिहिले. कंपनी आपल्याला शेकडा एक ते दीड वाटा देऊ करील, तीस लक्ष प्रती खपल्या तर त्याचे सुमारे ४ लाख डॉलर होतील, आणि एवढे पैसे घेतले तर आपल्याला झोप येणार नाही, असा त्या पत्रातील आशय होता. त्याने १ लाख डॉलर ठोक घेतले. त्याच्या नेहमीच्या दराच्या मानाने ही रक्कम मोठी होती. पण मिळू शकणाऱ्या रकमेचा तो चौथा हिस्सा होता. फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटा प्रांतातील कॅनन फॉल्स येथे सुमारे दोन आठवड्यांत काम पुरे झाले.

खरी परीक्षा त्यानंतरच आली. तयार झालेले ध्वनिमुद्रण कंपनीला पसंत पडले नाही. वृत्तपत्रांत उलटसुलट मजकूर आला. मंडळीच्या मनातही शंका उत्पन्न झाली, आणि अखेर ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ व ‘ऑल अपॉलॉजीज’ या दोन गीतांवर स्कॉट लिट या दुसऱ्या निर्मात्याकडून पुन्हा संस्कार करून घेण्यात आले. अल्बिनीला हे रुचले नाही, आणि त्याने ते लपविलेही नाही. तथापि कलावंतांचा शब्द अखेरचा, हे तत्त्व त्याचेच होते. आपल्या मनासारखे होईल तेव्हाच जे पाळायचे, त्याला तत्त्व म्हणता येत नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये ‘इन यूटेरो’ या नावाने ती ध्वनिमुद्रिका बाहेर पडली आणि अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिली आली. त्या प्रकरणानंतर काही काळ आपली कामे आटली, असे अल्बिनी सांगत असे. मोठ्या कंपन्यांना तो हेकट वाटू लागला आणि लहान मंडळींना महाग. पुढे वीस वर्षांनी, २०१३ साली, त्या ध्वनिमुद्रिकेची नवी आवृत्ती काढताना मंडळीतील हयात सभासद पुन्हा अल्बिनीकडेच आले. एवढ्यावरून कोणाचे काय चुकले याचा अंदाज श्रोत्यांनी बांधावा.

त्याच १९९३ साली त्याने ‘द बॅफलर’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. लेख धंद्याविषयीचा खरा, पण त्यातील सर्वांत प्रभावी भाग म्हणजे एक हिशेब आहे. शाळेतील अंकगणिताच्या पुस्तकात घालावा असा तो आहे. चौघांची एक कल्पित मंडळी आहे. मोठी कंपनी तिला अडीच लाख डॉलरची उचल देते. तिच्या ध्वनिमुद्रिकेच्या अडीच लाख प्रती खपतात आणि बाजारात तीस लक्ष डॉलरची उलाढाल होते. आता वाटणी पाहा. कंपनीला ७ लाख १० हजार डॉलर, निर्मात्याला ९० हजार डॉलर, आणि ज्यांनी गीते रचली व वाजविली त्या चौघांपैकी प्रत्येकाला ४,०३१ डॉलर आणि २५ सेंट! याहून विशेष म्हणजे रॉयल्टीच्या खात्यावर ही मंडळी कंपनीला १४ हजार डॉलर देणेच लागते. कारण उचल फिटलेली नसते.

हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारा आणि पट्टा पडल्यावरही देणे शिल्लक घेऊन घरी परतणारा मजूर महाराष्ट्राला अपरिचित नाही. त्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. फरक एवढाच, की ऊसतोड मजुराला आपण कर्जात आहोत हे कळते, आणि या तरुणांना आपण श्रीमंत झालो असे वाटत असते. अल्बिनीच्या लेखाचे महत्त्व यात आहे, की त्याने कोणाला शिव्या देऊन न थांबता जमाखर्च मांडला. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये मेलबर्न येथे केलेल्या भाषणात त्याने या प्रश्नाकडे पुन्हा वळून पाहिले. इंटरनेटमुळे मंडळी आणि श्रोते यांच्यामधील पुष्कळ मध्यस्थ अनावश्यक झाले, आणि हा बदल एकंदरीत चांगलाच आहे, असे त्याने तेथे प्रतिपादन केले.

१९९७ साली त्याने शिकागोत बेलमाँट अव्हेन्यूवर ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ ही स्वतःची ध्वनिमुद्रणशाळा उघडली. तेथील काही भिंती उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटांच्या आहेत. अशा विटांच्या भिंती आपल्या खेड्यांत घरोघर असत. त्या जड असल्यामुळे आवाज थोपवितात. येथे काम करणारे लोक यंत्रशाळेतील कामगारांसारखा अंगभर एकसंध डगला घालीत, आणि मालकही तोच घाली. नव्या संगणकी पद्धती आल्या तरी अल्बिनी चुंबकीय फितीवरच काम करीत राहिला. त्याचे कारण केवळ जुन्याची आवड हे नव्हते. संगणकातील नोंद वाचण्याची साधने थोड्या वर्षांत बदलतात आणि ती नोंद मुकी होऊन बसते. नीट जपलेली फीत मात्र अनेक दशकांनंतरही वाजविता येते, आणि कलावंताचे काम पुढील पिढीच्या हाती सुखरूप देणे हे ध्वनिमुद्रकाचे कर्तव्य आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. १९९८ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांच्यासारख्या जगप्रसिद्ध कलावंतांचे ध्वनिमुद्रण त्याने केले. पण ज्यांचे नाव गावाबाहेर कोणी ऐकले नाही अशा मंडळींसाठीही त्याचे दार तितकेच उघडे असे. त्याच्या हातून उतरलेल्या ध्वनिमुद्रिकांची संख्या हजाराच्या पुष्कळ पलीकडे जाते.

अशा रीतीने धंदा करून मनुष्य धनाढ्य होत नाही. अल्बिनी पत्त्यांच्या खेळातही निष्णात होता, आणि त्यातील प्राप्ती हा त्याच्या चरितार्थाचा एक भाग होता. द्यूताची शिफारस कोणी करू नये. परंतु आकडे मोठे बोलके आहेत. जागतिक पोकर स्पर्धेत त्याने २०१८ साली १ लाख ५ हजार डॉलरहून अधिक आणि २०२२ साली १ लाख ९६ हजार डॉलरहून अधिक रकमेचे बक्षीस मिळविले. म्हणजे ‘निर्वाणा’च्या कामाबद्दल त्याने जेवढे घेतले, त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम पत्त्यांच्या एका स्पर्धेने त्याला दिली. पैसा त्याला वर्ज्य नव्हता. दुसऱ्याच्या श्रमातून आलेला पैसा तेवढा वर्ज्य होता.

येथपर्यंतचे चरित्र ऐकून एखाद्या सत्पुरुषाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहील. पण ते खरे होणार नाही. व्यवहारात चोख असलेला हा मनुष्य वाणीने फार दिवस बेताल होता. ‘बिग ब्लॅक’ची शेवटची ध्वनिमुद्रिका आणि त्यानंतर त्याने काढलेली दुसरी मंडळी यांची नावे चारचौघांत उच्चारवत नाहीत. या दुसऱ्या मंडळीच्या नावात स्त्रियांवरील अत्याचाराचा उल्लेख होता, आणि त्याबद्दल तिच्या कार्यक्रमांच्या ठिकाणी निदर्शनेही झाली. दुबळ्यांची व वेगळ्यांची चेष्टा करणे म्हणजे धीटपणा, असे तो आणि त्याचे सोबती समजत. ज्या ‘पिक्सीज’ने त्याला नाव मिळवून दिले, त्यांच्याविषयीही त्याने छापून कुत्सित लिहिले होते.

हे खाते मात्र त्याने थकीत ठेवले नाही. ‘पिक्सीज’विषयीच्या शब्दांबद्दल त्याने पुढे खेद व्यक्त केला. २०२१ साली त्याने जाहीरपणे लिहिले, की आपण पूर्वी बोललेल्या व केलेल्या कित्येक गोष्टी वाईट होत्या, सुरक्षित जागी बसून अज्ञानाने आपण त्या केल्या, आणि त्यांची जबाबदारी आपली आहे. समानतेचे लढे जिंकलेच आहेत, तेव्हा थट्टेने कोणाचे काय बिघडते, अशी आपली समजूत होती, आणि ती सर्वथा चुकीची ठरली, असेही त्याने सांगितले. या कबुलीत त्याने वयाची किंवा काळाची सबब पुढे केली नाही. उशीर झाला हे खरेच. ज्यांना ते शब्द लागले त्यांच्या जखमा अशा लेखाने भरून येतात असेही नाही. तरी पण दुसऱ्याच्या देण्याघेण्याचा हिशेब चव्हाट्यावर मांडणाऱ्या मनुष्याने स्वतःचे देणेही तेथेच मांडावे, हे न्यायाचे झाले.

वाजविणे त्याने अखेरपर्यंत सोडले नाही. १९९२ साली काढलेल्या ‘शेलॅक’ या तिघांच्या मंडळीत तो गिटार वाजवी आणि गाई. दिवसभर इतरांचे ध्वनिमुद्रण करून उरलेल्या वेळात ही मंडळी जमे. म्हणून तिच्या दोन ध्वनिमुद्रिकांत कित्येकदा वर्षांचे अंतर पडे. गिटार हे तरुणपणीचे वेड आणि ध्वनिमुद्रण हे प्रौढपणीचे काम, अशी विभागणी त्याच्या बाबतीत करता येत नाही. ज्याने स्वतः वाद्य हाती धरले आहे, त्यालाच दुसऱ्याच्या वाद्याचा मान राखण्याची बुद्धी झाली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

७ मे २०२४ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, हृदयक्रिया बंद पडून अल्बिनीचे निधन झाले. ‘शेलॅक’ची नवी ध्वनिमुद्रिका त्या वेळी तयार होऊन पडली होती, ठरल्याप्रमाणे दहा दिवसांनी, १७ मे रोजी, ती प्रसिद्ध झाली. इतरांच्या ज्या ध्वनिमुद्रिका त्याच्या हाताखालून गेल्या, त्यांची विक्री पुढेही चालू राहील. त्या विक्रीतून त्याच्या नावावर एक सेंटही जमा होणार नाही, कारण तसा करार त्याने केलाच नव्हता. जे जमेल ते ज्यांनी गाणी रचली त्यांचे.